डोंगराकडचा झरा

संक्रांत झाली, बायकांचं वाणवसं आटोपलं, आणि बागेचा ताण तोडायचा, म्हणजे पुन्हा पाणी सुरू करायचा, दिवस उगवला.

काकासाहेबांनी सकाळीच अंघोळ करून धुवट कपडे घातले. मोटारीच्या स्टार्टरला हळदकुंकू लावलं, उदबत्ती खोचली आणि विहिरीच्या कठड्यावर नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा सुनेच्या हातावर ठेवून म्हणाले, "चल सुरेखा, खोरं घे. पयलं पाणी आंबवणीचं. हलक्या हातानं द्यायचं. लई दिवसाच्या उपाशाला येकदम पोटभर घालत न्हाईत."

सुरेखा पहिल्या आळ्यापाशी जाऊन उभी राहिली. बाग बघण्यासारखी झाली होती, म्हणजे बघवत नव्हती. मार्गशीर्षापासून मोसंबीला थेंब दिला नव्हता. निम्मी पानं पिवळी पडून खाली आली होती आणि राहिलेली कडेनं वळून मान टाकून होती. नवख्या माणसाला वाटावं, बाग गेली. पण मोसंबीचं तंत्रच तसं. तहानेनं झाड घाबरतं, पान टाकतं, आणि मग पाणी भेटलं की अंगात असेल-नसेल ते सगळं फुलावर काढतं. किती घाबरवायचं आणि कुठं थांबायचं, एवढीच बागवानाची विद्या. काकासाहेब ती सुनेला सांगत आले होते. "पान असलं का झाड पाणी मागतं. पान गळालं की तहान गळाली. मंग ते नुसतं पडून ऱ्हातं, थंडीतल्या सापावानी."

त्यांनी बटन दाबलं. पाइप घरघरला, आधी गढूळ आणि मग निवळ पाणी आलं. सुरेखानं आळ्याचं तोंड खोऱ्यानं फोडून दुसऱ्याकडं वळवलं. पहिल्या ओळीतली थोडी झाडं भिजली असतील-नसतील, तोच पाइपनं दोन हिसडे दिले, फुरफुरला, आणि त्यातून नुसती हवा येऊ लागली.

"मामा, बंद करा! मोटार जळंल!"

काकासाहेब बटनापाशीच होते, पण त्यांचा हात उठला नाही. सुरेखानंच पळत जाऊन मोटार बंद केली. मग दोघं कठड्यावरून वाकून बघू लागली. विहिरीच्या तळाशी दगड उघडे पडले होते. पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल कोरड्यात लोंबत होता.

"रात्रीतून भरंल," काकासाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघाभर पाणी होतं. ते मोटारीनं एका दमात ओढून टाकलं.

विहीर डोंगराच्या पायथ्याला. तिचा जोर म्हणजे डोंगराकडच्या अंगाला असलेला झरा. जुन्या माणसांनी विहीर खोदली ती या झऱ्याच्या भरवशावर. तो पावसाळ्यात कमी आणि थंडीत जास्त वाहायचा. पोळा-दिवाळीपेक्षा पौष-माघात विहीर वर यायची. ताण तोडायची वेळ आणि झऱ्याची वेळ असं गणित बसलं होतं, आणि त्या गणितावर बाग उभी होती. गेली चार-पाच वर्षं पाणी दरसाल थोडं थोडं खाली जात होतं. काकासाहेब म्हणायचे, पाऊस कमी झाला. यंदा तसं म्हणायची सोय नव्हती. यंदाच्या पावसात नाला दोनदा पुलावरून गेला होता.

झऱ्याचं तोंड बुजलं असेल म्हणून शेजारच्या वसंताला बोलावलं. वसंता सुरेखाच्या नवऱ्याच्या, अंगदच्या बरोबरीचा, दोघं टेंभुर्णीच्या शाळेत एका बाकावर बसलेले. त्याचं रान बांधाला बांध लावून आणि विहीरही तशीच डोंगराच्या पायथ्याला. तो दोराला धरून विहिरीत उतरला आणि खालून पहारीचा ठण ठण आवाज येऊ लागला.

"काय म्हणतंय?" काकासाहेबांनी वरून विचारलं.

"खडक वाजून राह्यलाय, काका. झऱ्यात ओल हाय. बोट लावलं का भिजतं. पण सांडत न्हाई."

"नीट मार. जेवून आला न्हाईस का?"

"जेवून आलो. तुमच्या घरचं न्हाई, म्हणून दम कमी पडून राह्यला."

एरवी काकासाहेबांनी या बोलण्याला दुप्पट उत्तर दिलं असतं. आज त्यांनी नुसता दोर आवळून धरला. वसंता वर आला. छातीवर चिखल सुद्धा लागला नव्हता, नुसती पांढरी भुकटी होती.

"तुझ्या हिरीला काय हाय?" काकासाहेबांनी नाल्याकडं बघत विचारलं.

वसंता अवघडला. डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधत म्हणाला, "हाय आपलं. गव्हापुरतं."

गव्हापुरतं म्हणजे पुरुषभर उंचीचं पाणी होतं. सुरेखानं दुपारी जाऊन स्वतः पाहिलं.

तिला सासूनं पाठवलं होतं. नंदाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुझा सासरा मरंल पण वसंताकडं पाणी मागनार न्हाई. जनमभर त्याला आळशाचा राजा म्हणलाय. तू जा. तुझ्या नवऱ्याचा दोस्त हाय, तुला न्हाई म्हणनार न्हाई."

वसंता विहिरीवर नव्हता. बकऱ्या घेऊन वर डोंगरात गेला होता, म्हणून सुरेखा त्याच्या बाजूनं वर चढली. या बाजूला ती कित्येक वर्षांत आली नव्हती. पळस, सालई, धावडा, मधूनच खैर आणि बोरी, खाली करवंदीच्या जाळ्या आणि जाळ्यांमधून गुडघाभर वाळकं गवत. कुणी लावलेलं काही नाही, आपोआप उगवलेलं आणि कुणी न काढलेलं. माघाच्या उन्हात झाडांवर पान नव्हतं. सालईच्या फांद्या हाडासारख्या पांढऱ्या, पळसाच्या काळ्या. आणि मधला दगडी गडगा ओलांडला की सुरेखाच्या घरची निलगिरी. सरळसोट, उंच, वाऱ्यावर सळसळणारी, हिरवीगार. जाफराबादच्या रस्त्यानं जीपमधून जाणारा कुणीही म्हणाला असता की एक डोंगर जिता आहे आणि एक मेलेला.

सुरेखा दम खायला करवंदीच्या सावलीला टेकली. हाताशी विळा होता. बसल्या बसल्या तिनं त्याच्या टोकानं जमीन उकरली. वर कुजका पाला, त्याखाली काळी भुसभुशीत माती, आणि बोटभर खाली गेल्यावर विळ्याला चिकटणारी ओल. तिनं माती मुठीत दाबली. मुटका झाला, आणि बोटं उघडली तरी तो फुटला नाही. पौष सरलेला, आणि डोंगराच्या उतारावरच्या मातीचा मुटका होत होता.

ती उठली आणि गडगा ओलांडून आपल्या बाजूला गेली. निलगिरीखाली गवत नव्हतं. पाला होता, पण चामड्यासारखा, पायाखाली वाजणारा. तो सारून तिनं विळा मारला तर टोक सरकलं. जोर लावून उकरलं तेव्हा पांढुरकी भुकटी निघाली आणि तिच्यात लालसर मुळ्यांचं जाळं. ती खोल खोल उकरत गेली, विळ्याची मूठ टेकेपर्यंत. मुळ्या होत्या, ओल नव्हती.

तिला परतीचा पाऊस आठवला. त्या दिवशी ती बागेत होती. निलगिरीच्या बाजूनं पाणी आलं ते पाऊस सुरू असतानाच आलं. लाल, दणदणत, बागेची दोन आळी फोडून नाल्यात गेलं, आणि पाऊस थांबला तसं तेही थांबलं. वसंताच्या बाजूचा ओहळ दुसऱ्या दिवशी वाहू लागला. नितळ, बारीक. दिवाळी होऊन गेली तरी तिथं पोरं पाय धूत होती.

"वहिनी, काय हरवलं?" गडग्यापलीकडून वसंताचा आवाज आला.

"वसंताभाऊ, आमच्याकडं आधी काय काय होतं वं इथं? मी लग्न होऊन आले तवा तर निलगिरीच होती, लहान लहान."

"काय होतं म्हणजे? हेच होतं, माझ्याकडं हाय ते. येकच डोंगर हाय न वं." तो गडग्यावर बसला. "अंगदभाऊनं जेसीबी लावून साफ केलं. मला म्हणला होता, वसंता, तुझं रान म्हणजे न्हाव्यानं अर्ध्यात सोडलेलं डोकं हाय. तू बी निलगिरी लाव. झाडं वाढली का पाऊस वढतेत, पाणी धरतेत, वरून खांबाचे पैसे. मी म्हणलं, लावू की, पुढच्या साली." तो हसला, आणि हसू मध्येच ठेवून खाली बघू लागला. "माझं पुढचं साल काही आलंच न्हाई."

सुरेखा त्याच्या मागच्या उघड्या पळसांकडं बघत होती. पान नाही. आत्ता, माघात, जेव्हा खाली विहिरीला पाण्याची गरज, तेव्हाच या झाडांना पान नाही. ती पडून आहेत, सापावानी. पावसात प्यायचं ते पिऊन आता तोंड मिटून आहेत, आणि मातीत उरलेलं पाणी हळूहळू खाली उतरतं आहे. आणि आपली हिरवीगार झाडं बाराही महिने उघड्या तोंडानं पीत आहेत. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मोसंबीचा ताण इतकी वर्षं हातानं दिलेला, तेवढ्यावरून तिला ते दिसलं. आणि आता हे घरी सांगायचं होतं.

वसंतानं पाणी द्यायचं कबूल केलं. गहू भिजवून उरेल तेवढं, बांधापर्यंत पाइपनं. पुढं बागेतली झाडं वरच्या अंगाला होती. तिथं हंड्यानं न्यावं लागणार होतं.

संध्याकाळी काकासाहेब जेवायला बसले तेव्हा सुरेखानं ताटात भाजी वाढली आणि खालमानेनंच म्हणाली, "मामा, निलगिरी तोडाय पाह्यजे."

काकासाहेबांचा घास हातात राहिला.

"वसंताकडं ओल हाय. आपल्याकडं धूळ हाय. तुम्हीच सांगता न, पान असलं का झाड पाणी मागतं. तिला बाराही महिने पान हाय. झऱ्याचं पाणी वरच पिऊन टाकून राह्यलीत ती."

"कोण म्हणलं? वसंता?"

"मी बघून आले."

"झाडानं पाणी आटतं? आं? झाडानं?" त्यांचा आवाज चढला. "सारी दुनिया सांगती झाडं लावा, झाडं लावा. तालुक्याच्या साहेबानं अंगदला शाल घातली झाडं लावली म्हणून. आन् तू विळ्यानं माती उकरून मला शिकवून राह्यली?"

"मामा—"

"त्याच्या हातची झाडं हायती ती."

ते ताटावरून उठले. हात न धुता बाहेर ओट्यावर जाऊन बसले. नंदाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

अंगद करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. जालन्याला नेला तो परत आला नाही. मिळाली ती मडकंभर राख. त्या दिवसांत नदीवर कुणी जाऊ देईना, गावातलं कुणी संगं येईना. काकासाहेबांनी एकट्यानं ती डोंगरावर नेली आणि निलगिरीच्या सगळ्यात वरच्या ओळीच्या मुळाशी घातली. अंगदनं पहिल्यांदा लावलेली ओळ ती. तेव्हापासून त्यांनी निलगिरीची फांदी सुद्धा कुणाला तोडू दिली नव्हती. बल्ल्यांचा, म्हणजे लाकडी खांबांचा, व्यापारी दोनदा येऊन गेला, त्याला चहा सुद्धा विचारला नव्हता. रोज उन्हं कलली की ते वर जात आणि खोडाला पाठ लावून बसत. सुरेखा हे सगळं ओळखून होती. ती स्वतः वर जात नसे. तिची लेक संध्या मस्तगडला मामाकडं शिकायला होती, ती सुट्टीत आली की आजोबांबरोबर जायची. सुरेखाला वाटे, तिथं रडायचा हक्क सासऱ्यानं आधीच घेऊन टाकला आहे.

दुसऱ्या दिवसापासून पाणी वाहणं सुरू झालं. वसंताच्या पाइपाशी हंडा लावायचा, भरला की डोक्यावर घ्यायचा, बांध चढायचा, ओळीतून चालत जायचं आणि आळ्यात ओतायचं. आळं गटकन पिऊन टाकी. ओतलेल्या जागी नुसता काळा डाग राही. सुरेखा दोन हंडे नेई, एक डोक्यावर, एक कमरेवर. नंदाबाई कळशी घेत आणि वाटेत दोनदा टेकत. काकासाहेबांनी पहिल्या दिवशी पाइपाकडं पाय वळवला नाही. दुसऱ्या दिवशी आले. दोन्ही हातांत बादल्या घेऊन वसंताच्या पाइपाखाली उभे राहिले, पाणी भरेपर्यंत तोंड दुसरीकडं करून.

वसंतानं काही बोलायला नको होतं. पण त्याला गप्प बसणं जमलं नाही. "काका, आळशाचं पाणी गोड लागून राह्यलं का?"

काकासाहेब म्हणाले, "भर."

वसंताचं तोंड उतरलं. तो पुढं होऊन बादली उचलू लागला, तर काकासाहेबांनी ती काढून घेतली.

सगळ्या बागेला हे पाणी पुरणार नव्हतं. कुठल्या ओळी जगवायच्या आणि कुठल्या सोडायच्या, हे कुणीतरी ठरवायला पाहिजे होतं. ते कुणी बोललं नाही. काकासाहेब बादल्या घेऊन खालच्या तीन ओळींतच फिरू लागले आणि सुरेखा समजली. वरच्या ओळींवरून जाताना ते झाडाकडं बघत नसत. एकदा तिनं हंडा घेऊन वरच्या ओळीत पाऊल टाकलं, तर मागून आवाज आला, "तिकडं न्हाई." आवाज हळू होता. तिनं हंडा वळवला.

तीन ओळी फुलल्या. माघाच्या शेवटाला पांढरी फुलं आली, वास सुटला, मधमाश्या आल्या. वरच्या ओळींत ताण हाताबाहेर गेला. आधी उरलेली पानं गळाली, मग शेंड्याकडून फांद्या वाळत खाली येऊ लागल्या. काकासाहेब नखानं साल खरवडून बघत. हिरवं दिसलं तर झाड जितं. रोज ते नख थोडं खाली लावावं लागे. एका सकाळी सुरेखानं त्यांना एका झाडाच्या बुंध्याशी बसलेलं पाहिलं. अगदी जमिनीलगत खरवडत होते. साल तपकिरी निघाली. त्यांनी आणखी खरवडलं, नखाखालून रक्त येईपर्यंत. ती पुढं गेली तसे ते उठले आणि नख पायजम्याला पुसत म्हणाले, "ह्याच्या जागी पुढच्या साली रोप लावू."

"कशाच्या भरवशावर, मामा?"

त्यांनी तिच्याकडं बघितलं. मग वर डोंगराकडं.

फाल्गुन लागला. वसंताच्या पळसांना फुलं आली, सगळी बाजू लाल झाली. त्या आठवड्यात एक दिवस काकासाहेब उठले, गोठ्यातली करवत काढली, तिला तेल लावलं आणि डोंगराकडं निघाले. नंदाबाई दारात उभ्या राहिल्या. सुरेखाला नुसतं म्हणाल्या, "जा मागं. करवतीला दुसरं टोक धरणारं लागतं."

अगदी खालच्या, विहिरीजवळच्या झाडापासून सुरुवात केली. दोघं समोरासमोर गुडघ्यावर बसले. करवत आली, गेली. ओल्या लाकडाचा औषधासारखा उग्र वास उठला आणि भुशाबरोबर रस निघाला. सुरेखाचा हात भिजला. खाली बाग वाळून उभी आणि ह्याच्या अंगात एवढं पाणी. तिनं हात पदराला पुसला. काकासाहेबांनीही तो रस बघितला होता. त्यांची करवत क्षणभर थांबली, मग आधीपेक्षा जोरानं येऊ लागली.

झाड पडल्याचा आवाज ऐकून वसंता आला. पडलेल्या खोडाभोवती फिरला, बुंधा पाहिला, आणि भीत भीत म्हणाला, "काका, राग येऊ देऊ नका. नुसतं कापून भागत न्हाई हिला. बुडातून चार फुटतेत. ती जोरानं पितेत. मुळापासून काढाय लागंल."

"माहीत हाय मला," काकासाहेब म्हणाले. करवत खाली ठेवून म्हणाले, "पहार आण तुझी. आन् टिकाव."

होळी येऊन गेली. तिघं रोज सकाळी वर जात. झाड पाडायचं, भोवती खणायचं, मुळ्या तोडायच्या, बुडखा पहारीनं उचकटायचा. उन्हं तापली की खाली यायचं. मशीन लावलं असतं तर दोन दिवसांत झालं असतं. पण मशीनचं नाव काढलं तेव्हा काकासाहेब म्हणाले, "मशीननं एकदा केलंय." मग पुन्हा कुणी काढलं नाही. सुरेखाच्या तळहाताला फोड आले, फुटले, कडक झाले. वसंता काम करता करता बडबडायचा, खड्डे तसेच ठेवा म्हणायचा, त्यात पावसाचं पाणी थांबंल, पाला पडंल, पाखरं बोराच्या बिया टाकतेत, तुम्ही फक्त काही करू नका. काकासाहेब एकदा म्हणाले, "ते तुलाच जमतं." वसंता इतका खूश झाला की दिवसभर गात होता.

झरा काही उघडला नाही. उघडणारही नव्हता, इतक्यात. सुरेखा रोज विहिरीत डोकावायची आणि स्वतःला सांगायची की पळसाला आणि गवताला पुन्हा यायला वर्षं लागतील, मातीला आणखी लागतील, आणि बाग तोवर थांबणार नाही. बागेच्या वरच्या ओळी त्यांनी चैत्रात तोडल्या. मोसंबीचं लाकूड पिवळं निघालं. नंदाबाईंनी ते चुलीला लावू दिलं नाही. गोठ्याच्या मागं रचून ठेवलं.

डोंगर उघडा होत होत वर गेला आणि एका सकाळी सगळ्यात वरच्या, शेवटच्या ओळीपाशी आला. वसंतानं करवत खाली ठेवली. तंबाखू मळायचं निमित्त करून गडग्याकडं गेला आणि पाठ करून बसला.

काकासाहेब ओळीपुढं उभे होते. वारा होता, उंचावर पानं सळसळत होती. त्यांनी एका खोडावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. या घरात इतकी वर्षं शेवटचा शब्द त्यांचा होता. ते सुनेकडं वळले आणि विचारलं, "सुरेखा, एवढी ऱ्हाऊ द्यायची का?"

तिला हिशेब येत होता. ही ओळ सगळ्यात वर, म्हणजे डोंगरात मुरायचं पाणी आधी हिच्या मुळ्यांवरून जाणार. ही राहिली तर झरा आणखी उशिरा उघडेल. कदाचित पुरा उघडणारच नाही. खालच्या तीन ओळी जगल्या होत्या, त्यांतली एक तरी पुढच्या ताणाला सोडावी लागेल. तिनं मनातल्या मनात ती ओळ बागेतून वजा केली. कुठली, तेही ठरवलं.

"ऱ्हाऊ द्या, मामा," ती म्हणाली. "पिऊ द्या."

काकासाहेबांनी मान हलवली. डोक्याचा रुमाल काढून तोंडावर धरला. सुरेखा पुढं झाली आणि पहिल्यांदाच त्या ओळीत, खोडाला पाठ लावून, खाली बसली.